न आवडलेला परफ्यूम नीट कसा हुंगावा: नवख्यांसाठी

निश परफ्यूमची दोन मिलिलिटरची कुपी आता दारव्ह्याला, आर्वीला, ब्रह्मपुरीलाही कुरिअरनं येते. चार मित्र मिळून एक बाटली मागवतात, सिरिंजनं वाटून घेतात, आणि कधी ना कधी हा प्रसंग येतोच. ज्याची एवढी तारीफ ऐकली तो परफ्यूम हातावर पडतो आणि तोंडातून निघतं, "अबे, हे का होय? गोठ्यावानी वास येऊन रायला!" मग कुपी कपाटात, आणि त्या परफ्यूमवर कायमचा शिक्का.

शिक्का मारायच्या आधी काय काय करून पाहावं ते इथे क्रमानं सांगतो. आवडून घ्या असं माझं म्हणणं नाही. नाक ज्याचं त्याचं. पण नावड सांगायला एक सेकंद पुरतो, आणि 'बनवलाच वाईट आहे' म्हणायचं तर त्याला निदान एक अख्खा दिवस द्यावा. दोन्ही निकाल एकात घातले तर पुढची बाटली कोणती घ्यावी हे शेवटपर्यंत समजत नाही.

निश म्हणजे काय, तेही थोडक्यात. ज्या घराण्यांचा धंदाच सुगंधाचा आहे, कपडे-पर्सच्या जोडीला परफ्यूम असा प्रकार नाही, आणि सगळ्या गिऱ्हाइकांना एकदम खूश करायचा ज्यांचा हट्ट नाही, ती निश घराणी. पॅरिसचं 'लार्टिझान पारफ्युमर' १९७६ मध्ये सुरू झालं, ते या वाटेवरच्या पहिल्यांपैकी. सगळ्यांना खूश करायचं नाही असं ठरवून बनवलेली वस्तू काहींना आवडणार नाहीच. त्यात बनवणाऱ्याचंही चुकलं नाही आणि तुमचंही नाही.

हुंगायच्या आधी

तोंडात खर्रा असेल तर हुंगणं सोडा. तंबाखू, सुपारी आणि चुना तोंडात घोळत असताना नाकाला बारीक काही लागत नाही. थुंकून, चूळ भरून तासभर थांबा. फवारणी करून आलात तर त्या दिवशी नकोच. औषधाचा वास साबणानं हात धुतल्यावरही कपड्यात आणि नखांत राहतो, आणि तो परफ्यूमच्या माथी बसतो. घरात फोडणी पडायच्या आधीची वेळ धरा.

आपल्याकडचा खरा शत्रू उन्हाळा. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला ही गावं मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातात. एवढ्या कोरड्या उष्णतेत परफ्यूमचे हलके घटक भुर्रकन उडतात आणि जड, गोड घटक एकदम अंगावर येतात. ज्या माणसानं तो पॅरिसच्या हवेत तोलून बनवला त्याला असा तोल अपेक्षितच नव्हता. त्यामुळे उन्हाळ्यात हुंगायचं तर पहाटे, किंवा दिवेलागणीनंतर. कूलरसमोर बसून हुंगू नका. ताट्यांत नवा वाळा भरला असेल तर दोन दिवस प्रत्येक परफ्यूम वाळ्याचाच लागतो. आणखी एक, परफ्यूममध्ये अल्कोहोल असल्यामुळे पार्सल बरेचदा विमानाऐवजी रस्त्यानं येतं. मे महिन्यात ते तापलेल्या गाडीत दिवस काढून आलेलं असतं. आल्या आल्या फोडून निकाल लावण्यापेक्षा दोन-तीन दिवस घरातल्या गार, अंधाऱ्या कोपऱ्यात राहू द्या.

कागद, कापड, मग अंग

चित्रकलेच्या वहीचा जाड कागद बोटभर रुंद पट्ट्यांत कापा. लग्नपत्रिकेचा गुळगुळीत कागद चालत नाही, तो परफ्यूम शोषत नाही आणि त्याला स्वतःचा शाईचा वास असतो. पट्टीच्या टोकाला एक फवारा मारा, अल्कोहोल उडू द्या, अर्धा मिनिट तरी. नवख्यांचं अर्धं वैर अल्कोहोलशीच असतं आणि नाव परफ्यूमचं खराब होतं. पट्टी नाकाला चिकटवू नका, चार बोटं लांब धरा.

दुसरा फवारा धुतलेल्या सुती दुपट्ट्याच्या कोपऱ्यावर, आणि तिसरा कोपराच्या आतल्या बाजूला. अंगावरचा भाग कपड्याखाली झाकलेला असू द्या. बर्गमोट आणि काही लिंबूवर्गीय तेलांवर कडक ऊन पडलं तर कातडी लाल होते, डागही पडतात, आणि आपलं ऊन काही साधं नाही.

मग कामाला लागा. दहा मिनिटांनी एकदा, तासानं एकदा, जेवणाच्या वेळी एकदा आणि झोपताना एकदा हुंगा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुपट्टा हुंगायला विसरू नका. परफ्यूमचा तळ, म्हणजे शेवटी उरणारा वास, कापडावर जेवढा स्वच्छ समजतो तेवढा कातडीवर समजत नाही. मधे नाक थकलं तर अंगणात जाऊन या. दुकानात कॉफीच्या बिया पुढे करतात, त्यापेक्षा मोकळी हवा किंवा स्वतःची बाही बरी.

'शी' कुठून आली ते शोधा

इथे घाई करू नका. सगळा मुद्दा इथेच आहे.

अगरूचंच घ्या, ज्याला सगळे ऊद म्हणतात. अगरूच्या झाडाला बुरशी लागली की झाड त्या जखमेभोवती काळसर राळ धरतं, आणि ते राळेचं लाकूड ऊर्ध्वपातन करून तेल निघतं. आसामकडच्या पद्धतीत लाकडाचे तुकडे आधी कित्येक दिवस पाण्यात भिजत ठेवतात, ते थोडे आंबतात. तेलाचा सुरुवातीचा गोठ्यासारखा वास बराचसा त्या आंबण्यातून येतो. म्हणजे ज्याला आपण बिघाड समजलो ती रीत आहे. बनवणाऱ्याला तो वास ठाऊक असतो आणि त्यानं तो ठेवलेला असतो, कारण तासा-दोन तासांनी त्याच्याच पोटातून गोडसर, थंड, जुन्या लाकडाचा वास वर येतो. सुरुवात खरडून काढली तर पुढचाही दम जातो.

आता यात आपली एक वेगळी बाजू आहे, ती शहरातले शौकीन विसरतात. पुण्या-मुंबईच्या माणसाला गोठा म्हणजे सुट्टीतली मजा. पहाटे उठून शेण काढणाऱ्याला तो वास अत्तरात पैसे देऊन कशाला हवा? ही नावड पूर्ण रास्त आहे. फक्त ती कुठून आली हे स्वतःशी स्पष्ट असू द्या: माझ्या रोजच्या कामातून आली, परफ्यूमच्या खोटातून नाही. उलटंही होतं. मोहफुलाचा वास गडचिरोली-गोंदियाकडच्या माणसाला चैताची आठवण देतो, आणि तोच वास अमरावतीकडच्या पाहुण्याला पहिल्या दिवशी डोकं धरायला लावतो. फूल तेच.

दुसरं उदाहरण फुलांचं. सर्ज लुटेन्स या निश घराण्याचा 'ट्युबेरोज क्रिमिनेल', १९९९ सालचा, बनवणारा ख्रिस्तोफर शेल्ड्रेक. नावात निशिगंध आहे म्हणून आपण हाराचा वास येईल अशा तयारीनं बसतो, आणि पहिल्या झटक्यात येतं दुखऱ्या गुडघ्याला लावायचं बाम, वर थोडं पेट्रोल. बरेच जण इथेच कुपी बंद करतात. तसं करायच्या आधी एक काम करा. संध्याकाळी निशिगंधाची अर्धवट उमललेली एक कळी घ्या, हारातली नको, ताजी दांडीवरची, आणि नाक अगदी जवळ नेऊन हुंगा. लोण्यासारख्या गोडपणाच्या खाली एक थंड, औषधी झुळूक लागेल. ती मिथाइल सॅलिसिलेटची, बामात असतं तेच. शेल्ड्रेकनं फुलात नसलेलं काही वरून ओतलं नाही. फुलातलीच एक गोष्ट ओढून पुढे आणली आणि उरलेलं फूल तिच्या मागे उभं केलं. वीस-पंचवीस मिनिटांनी बाम ओसरतं आणि पांढरं, गार फूल उरतं. हे कळल्यावरही तो नाही आवडला तरी हरकत नाही. मात्र 'हे फूल नाहीच' असं मग म्हणता येत नाही.

मोगऱ्याचं तसंच आहे. रात्री माळलेला गजरा सकाळी उशीवर सापडला की त्याला जो जड, कुजकट झोक असतो, त्यात इंडोल असतं, आणि इंडोल विष्ठेतही असतं. बाजारू मोगऱ्यातून ते काढून टाकतात, म्हणून तो धुण्याच्या साबणासारखा स्वच्छ लागतो. निश मोगऱ्यात ते ठेवतात.

काही परफ्यूम मात्र मुद्दाम अंगावर यायलाच बनवलेले असतात. एता लिब्र दोरांज या घराण्याचा 'सेक्रेस्याँ मान्यिफिक', २००६, कारागीर आंत्वान ली. रक्त, घाम, दूध असे शरीराचे स्राव हाच त्याचा विषय. धातूचा, आयोडिनचा आणि उतू गेलेल्या दुधाचा वास एकत्र येतो. मी तो घालून बसस्टँडवरही जाणार नाही. पण तासन्‌तास तो धातू आणि ते दूध एकमेकांना न सोडता तसेच राहतात, एकही घटक फुटून वेगळा पडत नाही. एवढं अवघड मिश्रण असं बांधून ठेवणं हे सोपं काम नाही, हे नाक मुरडतच कबूल करावं लागतं.

आणि शेवटची शक्यता: तुमच्या नाकाला तो पूर्ण लागतच नसेल. काही मोठ्या रेणूंच्या कस्तुऱ्या, म्हणजे कस्तुरीसारख्या वासाची द्रव्यं, अनेकांना अजिबात येत नाहीत. अँड्रोस्टेनोन नावाचा रेणू कुणाला मुताचा, कुणाला व्हॅनिलासारखा गोड, तर कुणाला शून्य लागतो, आणि यातला बराच फरक वास ओळखणाऱ्या एका जनुकावर ठरतो हे २००७ मध्ये संशोधकांनी दाखवलं. गेझा शॉनचा 'मॉलिक्यूल ०१' (२००६) तर आयसो ई सुपर या एकाच द्रव्याचा आहे, तो येतो-जातो, कित्येकांना "पाणी मारलं का?" असं वाटतं. म्हणून निकाल द्यायच्या आधी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हुंगायला द्या, काही न सांगता. वहिनी म्हणाली "मले तर चंदनावानी वाटते" आणि तुम्हाला नुसता कागद लागला, तर तुमचं मत त्या परफ्यूमबद्दल अजून तयारच झालेलं नाही. (मॉलिक्यूलबद्दल माझं मत विचाराल तर कल्पना भारी, कारागिरी बेताची.)

कारागिरी ओळखायची कशी

आपल्याकडे अत्तराची पहिली चौकशी असते, "टिकते किती?" जत्रेत, उरुसात अत्तरवाला मनगटावर काडी फिरवतो आणि सांगतो, "तीन दिवस जाणार नाही." टिकणं हा गुण आहे, पण तो बहुतेक वेळा द्रव्याचा गुण असतो, कारागिराचा नाही. संत्र्याची साल दोन बोटांत दुमडून दिव्याच्या ज्योतीजवळ पिळून पाहा; तेल चटचट पेटतं, वास घरभर होतो आणि थोड्या वेळात काही उरत नाही. ते मुख्यतः लिमोनीन, हलकं, उडणारं. संत्र्या-लिंबाचा अस्सल कोलोन तासाभरात जातो तो यामुळे. उलट सगळ्यात स्वस्त कृत्रिम कस्तुरी आठवडाभर कपडा सोडत नाही. टिकाऊपणावरून दर्जा ठरवला तर कपडे धुण्याची पावडर पहिली येईल.

मग काय पाहायचं? पहिलं, तो पुढे सरकतो का. सकाळी घातलेला आणि रात्रीचा वास यांत काही प्रवास झाला का, आणि झाला तर एकातून दुसरा उमलला की मधेच तुटला. फसलेला परफ्यूम पहिली पाच मिनिटं फार हुशारी दाखवतो आणि अर्ध्या तासात दहा इतर बाटल्यांसारखाच होतो. दुसरं, सांधे दिसतात का. गुलाब एकीकडे, लाकूड एकीकडे, मधे मोकळी जागा, असं लागलं तर मिश्रण कच्चं. तिसरं, जो घटक तुम्हाला खटकला तो काढला तर बाकीचं उभं राहील का, याचा मनात अंदाज घ्या. राहणार नाही असं वाटलं तर तो खटकणारा घटक तिथे कामाला ठेवलेला आहे.

'केमिकल आहे' हा निकाल तेवढा विसरा. १८८२ मध्ये हुबिगाँ घराण्याच्या 'फुजेर रॉयाल'मध्ये कृत्रिम कुमारिन वापरलं, वाळत्या गवताच्या वासाचं, आणि १९२१ च्या शानेल नंबर फाइव्हची ओळखच अल्डिहाइड नावाच्या कृत्रिम द्रव्यांवर आहे. शिवाय निसर्गाचं नाव सांगणाऱ्या मालातही लबाडी जुनीच. आपल्या रानातलं तिखाडी, म्हणजे रोशा गवत, त्याचं तेल जिरॅनिऑलमुळे गुलाबाजवळ जातं. मध्य हिंदुस्थानातून हे तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानात जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला पडायचं. तिखाडीतून चालताना पायाला लागलेला वास ज्याला आठवतो, त्यानं स्वस्त 'शुद्ध गुलाब' एकदा जरूर हुंगावा.

मिट्टी अत्तराबद्दल आपल्याकडे नेहमी तक्रार असते: पहिल्या पावसाचा म्हणून घेतला आणि आपल्या काळ्या मातीसारखा येतच नाही. यायचा नाहीच. कनौजचे कारागीर भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या डेगेत पाण्यासोबत तापवतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती गार होऊन जमते त्या भांड्यात, जाते आणि परंपरेनं तिथे चंदनाचं तेल असतं. म्हणजे तुम्ही अर्धं चंदन हुंगता, आणि माती गंगेकाठची. आपली रेगूर पहिल्या सरीला जो वास देते त्यात मातीतल्या सूक्ष्मजीवांचं जिओस्मिन असतं, वर वाळलेला पालापाचोळा, पऱ्हाटीची बुडखं. तो वास मिळाला नाही म्हणून कनौजच्या कारागिराला दोष देऊ नये. त्याला पारखायचं असेल तर खालचा तळ पाहा. चंदन असेल तर तळ दुधाळ आणि मऊ असतो. महाग चंदनाऐवजी पॅराफिन वापरलं असेल तर माती सपाट, तेलकट लागते आणि लवकर विझते.

आणि किंमत? किंमत काहीच सिद्ध करत नाही. तीस हजारांची बाटलीही आळसात बनलेली असू शकते. आदर कामाला द्यायचा, पावतीला नाही.

वही

एका पानावर मधे रेघ मारा. डावीकडे काय आहे ते, उजवीकडे मला कसं वाटलं ते. डावीकडे 'छान', 'घाण' हे शब्द बंद. तिथे करपट, तुरट, ओलसर, कुबट, हिरवट, खमंग, शेवाळी असे शब्द लिहा. बाटलीवर छापलेली यादी आधी वाचू नका, नाहीतर जे छापलं तेच येतं. कारागिराचं नाव मात्र नंतर शोधा आणि लिहून ठेवा. फ्रेडरिक माल या निश घराण्याच्या मालकानं २००० साली आपल्या बाटल्यांवर कारागिरांची नावं छापायला सुरुवात केली, तेव्हापासून हे शोधणं बरंच सोपं झालंय. एकाच माणसाचे तीन परफ्यूम तुम्हाला नाही झेपले तर तुमचं आणि त्याचं जमत नाही, एवढं कळतं. पैसे वाचवायला ही माहिती फार उपयोगाची.

सांगायचं कसं

भाचा दुबईहून ऊद घेऊन येतो, मामाच्या हातावर लावतो आणि तोंडाकडे बघत बसतो. इथे दोन्ही टोकं टाळा. "हे का फालतू आणलं बे?" म्हणालात तर त्याचा विरस. "वा, झकास!" म्हणालात तर पुढच्या दिवाळीला अख्खी बाटली येईल आणि ती तुम्हाला वापरावी लागेल. त्यापेक्षा सरळ म्हणा, "मले हे झेपत नाही, पण बनवणाऱ्यानं काम जोरदार केलं हाये. तुले यातलं काय आवडते, ते दाखव." तो एखादी जागा दाखवील, "अर्ध्या तासानं पाहा, गुळावानी होते." मग अर्ध्या तासानं खरंच पाहा. दुसऱ्याच्या नाकानं दाखवलेली जागा आपल्याला एकट्यानं कधी सापडत नाही.

मित्राच्या लाडक्या बाटलीसमोर "याची दोनशे रुपयांची कॉपी याहून बरी येते" असं म्हणू नका, खरं असलं तरी. आणि तुम्हाला जे काम खरंच कच्चं वाटलं ते कच्चं म्हणा, पण वहीची डावी बाजू उघडून म्हणा.

वापराबद्दल एकच गोष्ट. मोठ्या कारागिराचा उग्र परफ्यूम एसटीत, कीर्तनात, दवाखान्यात किंवा दम्याच्या आजीजवळ घालून जाऊ नका. तिथे लोक उठून जाऊ शकत नाहीत.

कुपीचं पुढे काय

टिनाच्या खोलीत किंवा खिडकीत ठेवू नका. कपाटाच्या खालच्या खणात, डब्यात. उन्हाळ्यात नाकारलेला परफ्यूम डिसेंबरच्या रात्री, शेकोटी विझल्यावर, एकदा पुन्हा लावून पाहा. ऊद आणि राळेच्या परफ्यूमांना थंडीत दुसरीच बाजू असते. तेव्हाही नाही पटला तर विषय संपला, स्वतःवर जबरदस्ती नको. तो ज्याला पटेल त्याला द्या. कुपीला चिकटपट्टी लावून नाव आणि भरल्याची तारीख लिहा. आपलं मत त्यावर लिहू नका. फार तर एवढं: 'पहिला अर्धा तास जाऊ दे.'